यंदा पाय कोण देणार?

चौलला आमची सुपारीची वाडी आहे. वाडीतली एक गोष्ट पक्की: सुपारी पडली आणि वेचायची राहिली, की पुढच्या वर्षी तिथं रोप उभं. किस्स्यांचंही तसंच होतं. मी काही ते मुद्दाम जमवले नाहीत. चाळीस वर्षं गौरीच्या फेराला ढोलकी वाजवतोय, एवढंच. वीस-बावीस बायका गोल फिरत असतात आणि मध्ये मी मान खाली घालून बसलेला. अशा माणसाला चेहरे कमी आणि पाय जास्त दिसतात. त्या पायांचेच किस्से पडत गेले, मी वेचले नाहीत, आणि आता डोक्यात नुसतं रान माजलंय.

आधी आमची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बाकीच्या गावांत ढोलकी सुरू होते आणि बायका तिच्यामागं नाचतात. आमच्याकडं सगळं उलटं. सगळ्यात जास्त वर्षं फेरात असलेली बाई आधी एकटीच देवळाच्या मंडपात एक वळसा चालते. गाणं नाही, वाद्य नाही, नुसती पावलं. ढोलकीवाल्यानं तिचे पाय बघायचे आणि ती ज्या लयीत चालते तीच लय धरायची. याला आम्ही ‘पाय देणं’ म्हणतो. एकदा दिलेला पाय गौरी जाईपर्यंत बदलत नाही, मग तो कुणाला आवडो न आवडो. श्रावण लागला की गावात बायका एकमेकींना विचारतात, “यंदा पाय कोण देणार?” उत्तर सगळ्यांना माहीत असतं, तरी विचारायचं.

* * *

मी ढोलकीला बसलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पाय द्यायला यशोदाकाकी होत्या. त्याच वर्षी माझं लग्न झालं होतं. बायको काशीदची, नाव शालन. घरात माणसं इतकी की दिवसाउजेडी तिच्याकडं नीट बघायचीही चोरी! फेरात मात्र ती दर वळशाला माझ्यासमोरून जायची, अगदी उघड, सगळ्या गावादेखत.

मला एक शोध लागला. ढोलकी जरा घाईनं वाजवली, की शालन लवकर समोर येते. मग काय! दोन वळसे झाले, चार झाले, माझा हात वाढतच गेला. बायकांचे अंबाडे सुटायला लागले. कुणाच्या तरी बांगड्या फुटल्या. शेवटी यशोदाकाकी मध्येच उभ्या राहिल्या, तशा सगळ्याच थांबल्या. काकी धापा टाकत म्हणाल्या, “मध्या, कुनासाठी पळवतंस आमाला? तुझीच बायको हाय ती. घरी गेल्यावर पन हायच.”

मंडपात जो हशा पिकला तो विचारू नका. शालननं पदर तोंडावर घेतला तो फेर संपेपर्यंत काढला नाही.

आता कधी कधी वाटतं, मी मूर्खच होतो. हळू वाजवायला हवं होतं. हळू वाजवलं असतं तर ती समोर जास्त वेळ राहिली असती.

* * *

यशोदाकाकी ऐंशीच्या झाल्या तरी पाय देत होत्या. दर वर्षी लय थोडी उतरायची. शेवटच्या वर्षी ती इतकी उतरली, की मी दोन थापांच्या मध्ये चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवायचो.

आमच्या मंडळाच्या प्रमुख सुलभावहिनी. देवळाला लागूनच त्यांचं घर. त्या दिवशी त्यांनी घरी डाळीचा कुकर लावला होता. तीन शिट्ट्या झाल्या तशा त्या फेरातून निसटल्या, घरी गेल्या, गॅस बंद केला, वरणाला फोडणी दिली, हात धुतले आणि परत आल्या. बघतात तर त्यांची जागा मंडपाच्या एका खांबापासून जेमतेम पुढच्या खांबापर्यंत सरकली होती.

वहिनी हात जोडून म्हणाल्या, “काकी, जरा उचला की पाय.”

काकी चालता चालता म्हणाल्या, “का? गौर काय पळून चालली हाय?”

पुढच्या गौरीला काकी नव्हत्या. फेरात सगळ्यात जुनी उरली ती आमची शालन. तिनं पाय दिला तेव्हा तिचा पाय इतका सरळ आणि ठाम पडला की माझा हात आपोआप त्याच्यामागं गेला. घरी मी काही तिचं एवढं ऐकत नसे.

* * *

मग आमच्याकडं कॉम्प्युटरयुग आलं. म्हणजे दिगंबर आला. दिगंबर आमचा साउंडवाला. लग्नापासून सत्यनारायणापर्यंत सगळीकडं त्याचेच स्पीकर. अलिबागच्या फेरस्पर्धेत उतरायचं ठरलं तेव्हा तो लॅपटॉप घेऊन देवळात आला. म्हणाला, “भाऊ, हल्ली सगळं मोजून करतात. मिनिटाला ठोके किती, ते आधी फिक्स करायचं.” मग शालनकडं वळून विचारलं, “काकू, एकशे बारा ठेवू की एकशे अठरा?”

शालननं लॅपटॉपकडं खालून वरून बघितलं. म्हणाली, “आधी त्याला दोन पाय लाव. मंग बोलू.”

तरी दिगंबरनं हार मानली नाही. मी वाडीत असलो तरी बायकांना सराव करता यावा म्हणून त्यानं आमच्या ओटीवर माझी ढोलकी रेकॉर्ड केली. चार मिनिटांचा तुकडा, तोच पुन्हा पुन्हा वाजणारा. देवळात पहिल्यांदा लावला तेव्हा सगळ्या झकास नाचत होत्या आणि एकदम स्पीकरमधून शालनचा आवाज आला, “अहो, गॅस बंद केला का?”

रेकॉर्डिंग चालू असताना ती स्वयंपाकघरातून ओरडली होती. आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. फेरातली शालन जागच्या जागी लाजून लाल! चार मिनिटांनी पुन्हा तेच, “अहो, गॅस बंद केला का?” आणि सगळ्या बायका एका सुरात, “केला!”

तो सबंध श्रावण तसाच गेला. दर चार मिनिटांनी अख्ख्या गावाचा गॅस बंद. दिगंबरनं स्पीड वाढवून बघितला तेव्हा शालनचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा बारीक झाला. ती म्हणाली, “मी काशीदला होते तेव्हा अशीच बोलत होते.” लग्नाआधी मी तिचा आवाज ऐकलेलाच नव्हता. मी तो वाढवलेला स्पीड दोन-तीनदा ऐकला, लय तपासायच्या निमित्तानं.

* * *

त्याच्या पुढच्या वर्षी वैशाखात, सुपारीला पाणी सोडताना, शालन हौदाजवळच्या शेवाळावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डाव्या पायात रॉड बसला. डॉक्टर म्हणाले, “नाच वगैरे आता विसरायचं.”

शालननं विचारलं, “चाललं तर चालंल?”

“चालायचंच आहे. रोज चाला.”

“गोल चाललं तर?”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

गौरीला ती मंडपात आली आणि पाय द्यायला उभी राहिली. आमच्या फेराची पावलं साधी आहेत: उजवा, डावा, उजवा, मग वाकून टाळी. तिचा उजवा पडला. डावा काही लगेच येईना. तो मागून, सावकाश, ओढत आला. मग पुन्हा उजवा, मग टाळी. पूर्ण वळसा ती तशीच चालली. मी ढोलकी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझा हातच उठेना.

दिलेला पाय म्हणजे दिलेला पाय. मी वाजवायला लागलो. पहिली थाप, मग हात हवेत धरून ठेवायचा, तिचा डावा पाय टेकला की दुसरी थाप. मागच्या एकवीस जणींनी तसंच पाऊल टाकलं. सुलभावहिनींची सून तन्वी नवीन होती, शहरात डान्स क्लास केलेली. तिला त्या थांब्याला तोल सावरेना. तिनं काळजीनं विचारलं, “काकू, दमलात का? थांबायचं का?”

“दमले न्हाय गं,” शालन म्हणाली. “मागचा पाय येतोय. येऊ दे त्याला.”

त्या वर्षी आमचं अख्खं गाव लंगडलं.

* * *

आणि तसंच लंगडत आम्ही अलिबागच्या स्पर्धेला गेलो. परीक्षक लांबून आलेले, झब्बा घातलेले, लोककलेचे जाणकार. फेर संपल्यावर ते स्वतः स्टेजवर आले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, “पहिल्या पावलानंतरचा तो विराम! मी उभ्या कोकणात असं कुठं बघितलं नाही. किती जुनी परंपरा आहे ही?”

शालन तोंड उघडून “वैशाखातली” म्हणणार, तेवढ्यात सुलभावहिनींनी तिचा हात दाबला आणि म्हणाल्या, “तसं नक्की सांगता येणार नाही, सर. पायात भिनलेली आहे.”

दुसरा नंबर आला. परतीच्या टेम्पोत शालन चौल येईपर्यंत हसत होती. हसून हसून पाय दुखायला लागला म्हणाली.

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. त्याच स्पर्धेत तीन मंडळं लंगडत आली! एकाचा थांबा इतका लांब की प्रेक्षकांना वाटलं फेर संपला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. शालन माझ्या कानाशी लागून म्हणाली, “अहो, एवढ्या जणींची हाडं कधी मोडली?”

जेवणाच्या सुट्टीत थळच्या मंडळातली एक बाई तिला शोधत आली. तिनं आमच्याकडचा थांबा चोरला होता, पण तिच्या बायकांना तो जमत नव्हता. कुणी आधी पाऊल टाकायची, कुणी नंतर. अगदी सरळपणानं तिनं विचारलं, “ताई, मनात किती मोजताव?”

शालननं वडापाव खाली ठेवला. कागदावर हात पुसले आणि तिथंच मांडवाच्या मागं तिला चार पावलं चालून दाखवली. मोजायचं वगैरे काही नाही म्हणाली, पुढं हळूच काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी लांबून बघत होतो. बघता बघता त्या बाईची नजर तिच्या डाव्या पायावर येऊन थांबली. तिला कळलं असावं. जाताना वाकून नमस्कार करायला लागली, तर शालन म्हणाली, “त्या पायाला नको. त्यात लोखंड हाय.”

* * *

शालनला जाऊन दोन वर्षं होतील. मार्गशीर्ष होता. ताप आला, चार दिवस दवाखान्यात होती, आणि पाचव्या दिवशी नव्हती. यापलीकडं त्याचा किस्सा होत नाही.

पुढच्या श्रावणात मंडळाची मीटिंग बसली. यंदा पाय कोण देणार, असं कुणी विचारलं नाही. आता सगळ्यात जुन्या सुलभावहिनी, हे उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पण पहिल्यांदाच प्रश्न कुणी तोंडातून काढला नाही. शेवटी तन्वी बोलली. पोरगी वाईट नाही, मनातलं बोलते. म्हणाली, “भाऊ, तो थांबा आला की सगळ्यांचं लक्ष काकूंच्या जागेवर जातं. परवा सरावाला दोघी रडायलाच लागल्या. पुढचं पाऊल पडेना कुणाचं.”

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, “काढून टाका. सरळ वाजवतो.”

मोठेपणा दाखवला तो. मला तो थांबा हवा होता. तेवढ्या वेळात ती यायची, रोज, दर वळशाला, मागून, सावकाश. पण साठी उलटलेल्या माणसानं एवढ्या बायकांसमोर असलं मागायचं कसं? लाज वाटली.

पाय सुलभावहिनींनी दिला. चांगला दिला, सरळ. फेर मस्त रंगला, कुणी चुकलं नाही, कुणी रडलं नाही. बघणारे म्हणाले, यंदा उचललंत हं तुम्ही. माझ्या हातालाही सवय झाली. एक-दोन-तीन-टाळी, एक-दोन-तीन-टाळी. हाताचं काय, तो शिकवाल ते शिकतो.

* * *

एक दिवस मी दिगंबरकडं गेलो. म्हटलं, “अरे, ते ओटीवरचं रेकॉर्डिंग आहे का रे तुझ्याकडं? लय तपासायची होती.”

“आहे ना भाऊ!” त्यानं लॅपटॉप उघडला, स्पीकर जोडले, मला खुर्ची दिली. मी बसून राहिलो. माझी ढोलकी सुरू झाली. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. ती जागा जवळ आली तसा मी जरा पुढं सरकलो. ढोलकी वाजतच राहिली. चार मिनिटं संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

दिगंबर खूश होता. “ऐकलंत? मागं काकूंचा आवाज यायचा ना, तो काढला मी. एक नवीन सॉफ्टवेअर आलंय. एकदम क्लीन.”

“जुनं ठेवलंयस का कुठं?”

“कशाला ठेवू भाऊ, उगाच जागा खातं.” मग माझ्या तोंडाकडं बघून त्याला काय ते समजलं. तो अर्धा तास त्या लॅपटॉपमध्ये शोधत बसला, घामाघूम झाला, पण काही मिळालं नाही. मीच त्याची समजूत घातली.

घरी आलो आणि आधी स्वयंपाकघरात गेलो. गॅस बंद होता.

* * *

आता हा शेवटचा, गेल्या गौरीचा. थळहून सुलभावहिनींना फोन आला. तिथल्या ढोलकीवाल्याच्या बोटाला होडीचा दोर काढताना मार लागला होता, बोट सुजून टम्म. दुपारच्या फेराला कुणी मिळेल का? वहिनींनी मला विचारलं. आमचा फेर संध्याकाळी, मला जाऊन यायला वेळ होता. ढोलकी काखोटीला मारून मी निघालो.

थळचं देऊळ छान आहे. अंगणात सुकत घातलेली जाळी आणि माडांच्या वर कारखान्याची चिमणी. नऊवारी नेसून पंचवीस-तीस बायका तयार होत्या. पुढं उभी असलेली मुलगी विशीतली होती, कॉलेजात जाणारी, डोक्यात अबोलीचा गजरा. तीच सगळ्यांना रांगेत लावत होती. मी चारी बाजूंना बघितलं. स्पर्धेतली ती बाई मला दिसली नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली, “ती माजी मावशी. ती आता मुंबईला असतं लेकाकडं. तिनंच शिकवलंय आमाला.” मग मी कुठला, कुणाचा, असं तिनंही काही विचारलं नाही. ढोलकीवाला तो ढोलकीवाला.

त्यांच्यात पाय देत नाहीत. मुलगी म्हणाली, “काका, सुरू करा.” मी सुरू केलं. एक-दोन-तीन-टाळी. पहिल्याच वळशाला माझी ढोलकी पुढं गेली आणि बायका मागं राहिल्या. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. जोरात वाजवली. पुन्हा मी पुढं, त्या मागं. मी मान खाली घातलेली, पायांकडं बघत. तिसऱ्या वेळी मला ते पाय दिसले. उजवा पडला होता. तीस डावे पाय मागं होते.

मुलगी फेर थांबवून माझ्याजवळ आली. मोठ्या माणसाला चूक सांगायची म्हणून जरा अवघडली होती. हळूच म्हणाली, “काका, तुमी पुढं जाताव. तिथं थांबायचं असतं.”

मी खाली बघूनच विचारलं, “किती थांबायचं?”

“मोजायचं न्हाय, काका,” ती म्हणाली. “मागचा पाय येतोय. येऊ दे त्याला.”